क्वांटमचं नंतर बघू, आधी यादी कर

अरे घरच्या सेन्सर-कॅमेऱ्यांच्या पहिल्याच प्रोजेक्टला क्वांटम कॉम्प्युटरपासून बचावाचा विचार करतोयस, भारीच, पण लगेच लॅटिसचं गणित (नव्या क्वांटम-सुरक्षित एन्क्रिप्शनमागचं) वाचायला बसू नकोस. मी बसलो होतो, दोन महिने गेले आणि तोवर पाण्याच्या टाकीवरच्या ईएसपी३२ चा (वायफायवाली छोटी चिप) पासवर्ड 'ॲडमिन'च होता 😅

एवढंच धर: मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला की शोरच्या अल्गोरिदमने आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह, म्हणजे की ठरवायला आणि डिजिटल सहीला वापरतात ती तंत्रं, दोन्ही फुटतात. प्रत्यक्ष डेटा कुलूपबंद करणाऱ्या एईएस-२५६ ला तसा धोका नाही. पण त्याची की बहुतेकदा त्या पहिल्या दोन तंत्रांनीच ठरते; आजचा ट्रॅफिक कोणी साठवून ठेवला तर तेव्हा उघडता येईल, म्हणून कॅमेऱ्याचं फुटेज आधी सांभाळ, टाकीची लेव्हल कळली कुणाला तर कळू दे.

सुरुवातीला:
- कुठलं डिव्हाइस कुठलं एन्क्रिप्शन वापरतं याची वहीत यादी कर. कंटाळवाणं आहे, पण करच.
- डिजिटल सही तपासून फर्मवेअर (डिव्हाइसमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट होतं का बघ. भिंतीवर दहा वर्षं राहणारी वस्तू अपडेटच होत नसेल तर घेऊच नकोस.
- सगळा भार सेन्सरवर टाकू नकोस, गेटवेपासून (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो मधला बॉक्स) सुरू कर. नव्या क्वांटम-सुरक्षित एमएल-केईएम-७६८ ची पब्लिक की ११८४ बाइटची, इलिप्टिक कर्व्हवाल्या एक्स२५५१९ ची फक्त ३२, छोट्या चिपची दमछाक होते.

नवखे हमखास चुकतात ते स्वतःचं क्रिप्टो लिहिण्यात. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेची क्वांटम-सुरक्षित स्टँडर्ड्स ऑगस्ट २०२४ मध्येच आलीत, तयार लायब्ररी वापर. आणि खोक्यावर नुसतं 'क्वांटम सेफ' लिहिलं असेल तर अल्गोरिदमचं नाव विचार.

आज एवढंच कर: रास्पबेरी पाय आणि लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएचचं (दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) व्हर्जन बघ, दोन्हीकडे ९.० किंवा पुढचं असेल तर हायब्रिड की-एक्सचेंज (जुनी आणि क्वांटम-सुरक्षित पद्धत एकत्र) बाय डिफॉल्ट चालूच असतं.