बूस्ट बटण दाबल्यावर ‘टक’ होतं, पण इंजिन सुरू होत नाही. दोन्हीकडच्या बॅटऱ्या बदलू का?

नका बदलू. तो ‘टक’ आवाज येतोय तोवर तरी नाहीच.

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड मोटरहोम घेतली, इंजिनची बॅटरी बसली, डॅशवरचं बूस्ट (गाडीतल्या राहत्या भागाच्या, म्हणजे ‘घरच्या’ बॅटरीची वीज इंजिनकडे नेणारं बटण) दाबलं की खाली ‘टक’ होतं, आतले दिवे लख्ख लागतात, पण सेल्फ फिरत नाही. आणि गॅरेजवाला म्हणतो इंजिनच्या आणि घरच्या, सगळ्याच बॅटऱ्या बदला. हाच सल्ला मी २०१८च्या मे महिन्यात ऐकला होता. मानलाही होता.

आमची गाडी फोर्ड ई-४५०च्या सांगाड्यावरची, पायरीखाली ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. गॅरेजने त्या दोन्ही बदलल्या, इंजिनची बदलली आणि ‘जुना झालाय’ म्हणून सोलेनॉइडही (बूस्ट दाबलं की दोन्हीकडच्या बॅटऱ्या जोडणारा, कॉइलवर चालणारा स्विच) बदलला. ऑक्टोबरात आम्ही फिनिक्सहून ब्राइस कॅन्यनला गेलो. गाडीत आम्ही तिघं, साडूभाऊंचं कुटुंब आणि साताऱ्याहून आलेले माझे अण्णा. पार्कातल्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी मिळत नाही, उंची जवळपास ८,००० फूट, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याखाली जातो. लेकीच्या हातून ड्रायव्हरच्या डोक्यावरचा दिवा रात्रभर चालू राहिला. सकाळी किल्ली फिरवली तर काटेसुद्धा धड हलले नाहीत. बूस्ट दाबलं. ‘टक’. सेल्फ ढिम्म.

साडूभाऊंनी मल्टिमीटर काढला. घरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट. बूस्ट दाबल्यावर इंजिनच्या बाजूलाही आकडा वर चढला. त्यांनी निकाल दिला: बूस्ट चालतंय, आकडा दिसतोय, घरच्या बॅटऱ्या स्वस्तातल्या आहेत, भार आला की मान टाकतात, जवळच्या गावातून नव्या आणू. पाच महिन्यांपूर्वी घेतलेल्या बॅटऱ्या! आणि मी तयारही झालो होतो, हे आज लिहितानाही टोचतं.

अण्णा तोवर अंगावर शाल घेऊन बघत होते. त्यांनी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं गाड्यांची वायरिंगची कामं केली. एसटीच्या गाड्या २४ व्होल्टच्या, १२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, त्यामुळे आमच्या पायरीखालची जोडणी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी एकच विचारलं, “हेडलाइटचा जादा बल्ब आहे का रे?” होता. ५५ वॅटचा. त्याला दोन वायरी गुंडाळल्या. इंजिनच्या बॅटरीकडे जाणारी जाड केबल सोलेनॉइडवरून सोडवून तिच्या टोकाला कापड बांधलं. बल्बची एक वायर सांगाड्याला धरली, दुसरी सोलेनॉइडच्या घरच्या बाजूच्या खुंटीवर (जिथे केबल कसतात तो बोल्ट). बल्ब पांढराशुभ्र. मग मला बूस्ट दाबून धरायला सांगितलं आणि तीच वायर इंजिनच्या बाजूच्या खुंटीवर नेली. बल्ब रॉकेलच्या चिमणीसारखा पिवळा. त्याच खुंटीवर साडूभाऊंचा मीटर, बल्ब काढला की, १२.६ दाखवत होता.

अण्णा म्हणाले, “तोटी बंद असली तरी नळात दाब असतोच. बादली भरायला लागल्यावर कळतं पाणी किती आहे ते.” मीटर नावापुरताच करंट ओढतो, तेवढा जळक्या कॉन्टॅक्टच्या एका टोकातूनही जातो. बल्बला साडेचार अँपिअर लागतात, तिथेच तो कॉन्टॅक्ट थकला. सेल्फला दीड-दोनशे लागतात. ते कुठून जाणार?

आणि कॉन्टॅक्ट जळला का, हे त्यांनी सोलेनॉइड हातात घेऊन सांगितलं. गॅरेजने बसवलेला सोलेनॉइड सेल्फचा होता. तो दोन-चार सेकंदांसाठी बनवलेला असतो. आमच्या गाडीत मात्र इंजिन चालू असेपर्यंत हाच सोलेनॉइड ओढलेला, म्हणजे जोडलेल्या स्थितीत राहतो, कारण इंजिनवरच्या आल्टरनेटरने घरची बॅटरीही चार्ज व्हावी. सात-आठ तासांच्या प्रवासात तो तापून तापून आतून भाजला होता. इथे कायम चालणारा, ‘कंटिन्युअस ड्यूटी’ लिहिलेला सोलेनॉइड लागतो. दोन्ही दिसायला भावाभावांसारखे, म्हणून घोळ होतो. ओळखायचं कॉइलच्या रोधावरून: सेल्फचा साधारण ३ ते ५ ओहम, कायम चालणारा १२-१५च्या आसपास. तुमची गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय बसवलंय ते सगळ्यात आधी बघा.

आता तुमचं. बल्बची खटपट नको असेल तर मीटरच वापरा, पण भाराखाली. मीटरच्या दोन्ही वायरी सोलेनॉइडच्या दोन जाड खुंट्यांवर ठेवा, कुणाला तरी बूस्ट दाबून सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर सोलेनॉइड निर्दोष. दोन, चार, सहा व्होल्ट दिसले तर तोच चोर. सोलेनॉइड निर्दोष निघाला तर हीच चाचणी घरच्या बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत करा. गंजलेल्या अर्थिंगची केबल अगदी अशीच फसवते. ‘टक’सुद्धा होत नसेल तर गोष्ट वेगळी: बूस्ट दाबून बारीक खुंटीवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर कॉइल किंवा तिचं अर्थिंग, नसतील तर फ्यूज किंवा बटण.

आम्ही त्या दिवशी जनरेटर सुरू केला (बहुतेक मोटरहोममध्ये तो घरच्या बॅटरीवर सुरू होतो), सोडवलेली केबल परत बसवली, जंपर केबलने दोन्ही जाड खुंट्या थेट जोडल्या आणि पंधरा मिनिटं थांबलो. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. तुमचा सोलेनॉइड चांगला असला तरी हे थांबणं विसरू नका. बूस्ट दाबल्या दाबल्या सेल्फ मारला की बसलेली बॅटरीही त्यातलाच करंट गिळते. आधी काही मिनिटं बूस्ट दाबून धरा, मग सेल्फ मारा.

जंपर लावताना दोन्ही खुंट्या धन बाजूच्याच आहेत याची खात्री करा, हातातली अंगठी काढा, पाना सांगाड्याला लागू देऊ नका. सोलेनॉइड बॅटरीच्याच खणात असेल तर आधी खण उघडा ठेवून वारा खेळू द्या. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तर पडणारच. केबल सोडवण्याआधी दुसऱ्या टोकाच्या बॅटरीचं ऋण टोक काढणं जास्त सुरक्षित. अण्णांनी ते काढलं नव्हतं, तुम्ही काढा.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. घरची बॅटरी कुणी लिथियमची करून घेतली असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिच्या आतलं संरक्षक सर्किट सेल्फचा करंट बघून पुरवठाच तोडू शकतं. तिथे खुंट्यांवर जंपर लावण्याच्या भानगडीत पडू नका, दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घ्या.

साडूभाऊ अजूनही गणपतीत चारचौघांत सांगतात की त्या दिवशी बॅटऱ्याच बाद होत्या, जनरेटरने वाचवलं. मी ९० डॉलरच्या आत नवा सोलेनॉइड स्वतः बसवला. त्याच ‘स्वस्तातल्या’ बॅटऱ्या, वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालून, २०२३पर्यंत चालल्या. जुना सोलेनॉइड मी करवतीने कापला. आतली तांब्याची चकती एका बाजूने खाल्ल्यासारखी झिजलेली, काळी पडलेली आहे. ती गॅरेजातल्या फळीवर आहे, आणि पुढच्या गणपतीला आरतीनंतर मी ती त्यांच्यासमोर ठेवणार आहे.

तुम्ही चाचणी केलीत की खुंट्यांवरचा आकडा इथे खाली लिहा, आणि तोवर त्या गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.