वाचकांचे प्रश्न : दहा दिवस बंद असलेला बॉयलर परवडतो कसा?

प्रश्न : ताई, मी 71 वर्षांचा, राहणार सांगली. सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. फेब्रुवारीत लेकीकडे डेन्मार्कला, आरहूसला गेलो होतो. तिच्या घरात गीझर नाही, तरी नळाला चोवीस तास गरम पाणी आणि खोल्या उबदार. सगळी उष्णता जमिनीखालच्या पाइपांतून येते म्हणाली. जावयांनी जवळच्या एका गावातलं उष्णता पुरवणारं केंद्र दाखवायला नेलं. तिथे विजेवर चालणारा 10 मेगावॉटचा बॉयलर होता, पण तिथला माणूस म्हणाला, गेले दहा दिवस बंदच आहे. आपल्याकडे एक गीझर चालवला तरी बिल वाढतं, मग गावाचं पाणी विजेवर तापवणं परवडतं कसं? विजेवरच तापवायचं तर बाहेरची उष्णता आत ओढून तिप्पट उष्णता देणारा हीट पंप का नको? आणि दहा दहा दिवस बंद ठेवायचं यंत्र घ्यायचं कशाला?

उत्तर : काका, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत. मी डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या अशाच एका केंद्रात उद्या कोणतं यंत्र किती वाजता चालवायचं याचं नियोजन करते. त्याआधी चार वर्षं आपल्याच भागातल्या एका कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये होते. त्यामुळे तुमच्याशी कारखान्याच्या भाषेत बोलता येईल.

कारखान्यात बॉयलरला एकच खाद्य, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. तो सुरू ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. इथल्या केंद्रात तीन-चार तोंडं असतात : लाकडाच्या चिपांचा बॉयलर, गॅसचा बॉयलर, कुठे हीट पंप आणि हा विजेचा. गावाला उष्णता हवी, ती कुठून आली याच्याशी पाइपाला देणंघेणं नाही. दर तासाला ज्याची उष्णता स्वस्त, त्याने काम करायचं. म्हणून विजेच्या बॉयलरचा हिशेब गीझरसारखा 'युनिटला किती' असा मांडून चालत नाही. आत्ता तो लावला नाही तर त्याऐवजी काय जळेल आणि त्याला किती पडेल, हे पाहावं लागतं.

समजण्यापुरते आकडे धरू. गॅसवर हजार युनिट उष्णता करायला, कर धरून, 500 क्रोन (इथलं चलन) पडतात. विजेच्या बाजारभावावर वहनाचे आकार आणि कर मिळून हजार युनिटला 150 क्रोन चढतात. विजेच्या बॉयलरमध्ये आत गेलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. मग बाजारात वीज 350 च्या खाली असेल तेव्हा बॉयलर लावायचा, वर गेली की बंद. भाव 100 असेल तर हजार युनिटमागे 250 वाचले. तुम्ही गेलात तेव्हा वारा पडलेला असणार, भाव चढा असणार, म्हणून तो बंद होता. बंद ठेवला हेच बरोबर होतं.

डेन्मार्कच्या विजेत पवनचक्क्यांचा वाटा इतका मोठा आहे की भाव वाऱ्याबरोबर हलतो. वादळी रात्री तो शून्याच्याही खाली जातो; म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात. याच्या उलट 12 डिसेंबर 2024 ची संध्याकाळ. वारा नाही, ऊन नाही, थंडी कडक. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये हजार युनिटचा भाव 900 युरोंच्या वर गेला, म्हणजे साडेसहा हजार क्रोनपेक्षा जास्त. त्या तासाला ज्या गावाकडे फक्त विजेचा बॉयलर असता, त्याचं वर्षाचं अंदाजपत्रक कोलमडलं असतं. एकट्या विजेच्या बॉयलरवर गाव सोडायला मी कधीच सांगणार नाही.

आता हीट पंप. तुमचं बरोबर आहे, तो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो. भाव 600 असला तरी वरचे 150 धरून 750, भागिले तीन, 250 क्रोन. चालवण्याच्या खर्चात तो बॉयलरला सहज हरवतो. पण एका मेगावॉटमागे (म्हणजे तासाला हजार युनिट) त्याला भांडवल कित्येक पट लागतं. हिशेब खात्यातल्या माणसाला हे लगेच पटेल. धरा, व्याज आणि घसारा मिळून बॉयलरचा मेगावॉटमागे वर्षाचा बोजा 70 हजार क्रोन आणि पंपाचा 4 लाख 20 हजार. वर्षात 5,000 तास चालवले तर हजार युनिट उष्णतेवर पंपाचा बोजा 84 पडतो. तोच फक्त 500 तास चालला तर 840. बॉयलर 500 तास चालूनही 140 वर भागतो. म्हणून रोजच्या ओझ्याला पंप आणि निवडक तासांना बॉयलर. भाव उणे 300 झाला तर गंमत बघा : वरचे 150 धरून आपल्याला हजार युनिट विजेमागे 150 मिळतात. बॉयलर तेवढ्याच उष्णतेत पूर्ण 150 कमावतो, पंप मात्र वीज कमी खातो म्हणून 50 च.

पण स्वस्त तास आणि गरजेचा तास एकच कुठे असतो? पहाटे तीनला वीज फुकट, आणि गाव आंघोळीला उठतं सहाला. म्हणून केंद्राशेजारी ती उंच टाकी असते. 3,000 घनमीटरची धरली, म्हणजे 30 लाख लिटर, तर 40 अंशांच्या फरकाने तिच्यात सुमारे 1 लाख 40 हजार युनिट उष्णता मावते. तुमचा 10 मेगावॉटचा बॉयलर ती रिकामी टाकी चौदा तासांत भरेल. वर गरम पाणी, खाली थंड, आणि मध्ये दोन्हींच्या सीमेचा साधारण हातभर, फार तर पुरुषभर जाडीचा थर. आजीच्या तांब्याच्या बंबात वरचं पाणी कढत आणि तळाचं कोमट असायचं, तसंच. मी सकाळी आले की भाव नंतर बघते, आधी हा थर किती उंचीवर आहे ते बघते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री दोनला टाकी तळापर्यंत गरम झाली. भाव उणे होता, पण पहाटे सहापर्यंत बॉयलर बंद ठेवावा लागला, कारण उष्णता ठेवायला जागाच नव्हती. नवा बॉयलर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक केंद्राला मी सांगते : मेगावॉट मागाहून ठरवा, टाकी आधी मोजा.

आता ते दहा बंद दिवस. दुसऱ्या दिवसाच्या विजेच्या लिलावाची बोली दुपारी 12 ला बंद होते, एकच्या सुमाराला भाव कळतात. ऑक्टोबर 2025 पासून ते पंधरा-पंधरा मिनिटांचे, दिवसाचे 96. पण एवढ्यावर काम संपत नाही. देशाची वीजवाहिनी सांभाळणाऱ्या एनर्जिनेटला विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवावा लागतो. अंदाजापेक्षा वारा जास्त आला तर कुणीतरी जादा वीज चटकन खायला हवी. विजेचा बॉयलर गरम ठेवलेला असेल तर काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भारावर जातो. म्हणून 'सांगाल तेव्हा सुरू करू' एवढ्या तयारीचेही पैसे मिळतात. तुम्ही बघितलेला बॉयलर त्या दहा दिवसांत बंद असूनही अशी कमाई करत असू शकतो. पूर्वी उत्तर जर्मनीतला वारा दक्षिणेकडे न्यायला तारा अपुऱ्या पडायच्या, तेव्हा पैसे देऊन इकडच्या बॉयलरांना वीज घ्यायला लावायचे. कित्येक लहान केंद्रांच्या बॉयलरचा पैसा त्यातून फिटला.

या कमाईला जबाबदारीही आहे. मोठ्या बॉयलरमध्ये गीझरसारखी कॉइल नसते. 10 हजार व्होल्टच्या आसपासचा दाब लावलेले इलेक्ट्रोड पाण्यात बुडवलेले असतात, वीज पाण्यातूनच वाहते आणि पाणीच तापतं. त्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता नेमकी राखावी लागते. एका हिवाळ्यात आमच्याकडे ती तपासायची राहून गेली. वाहकता उतरली होती. मध्यरात्री हुकूम आला, बॉयलर घुमू लागला, पण भार सहा मेगावॉटच्या वर चढेना. कबूल केलेले दहा देता आले नाहीत आणि दंड भरावा लागला. तेव्हापासून ती नोंद मी रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

करांचंही सांगायला हवं. इथे तापवण्याच्या विजेवर पूर्वी इतका कर होता की वारा भरपूर असूनही केंद्रं चिपा आणि गॅस जाळत. मध्ये बॉयलरांसाठी काही खास सवलती होत्या. 2021 पासून तो कर उद्योगांना युनिटला 0.4 ओर झाला, म्हणजे क्रोनचा अडीचशेवा भाग. ते झालं नसतं तर वरचं गणित जुळलंच नसतं. वीजवहनाच्या आकारातही सूट मिळवता येते, अट एवढीच की वाहिनीवर ताण आला तर आमची वीज तोडायची मुभा त्यांना द्यायची. टाकी आणि दुसरा बॉयलर असल्यावर ती अट जड जात नाही.

एक काळजी मात्र मला वाटते. आरहूसच्या उत्तरेला स्टुडस्ट्रुपला 2015 मध्ये 80 मेगावॉट बसवले (तुमच्या लेकीच्या घरातली ऊब वादळी दिवशी तिथूनच येत असेल), तेव्हा असे बॉयलर थोडे होते. आता गावोगाव बसताहेत. सगळेच स्वस्त तासावर झडप घालू लागले की तो तास स्वस्त राहत नाही, आणि तयारीच्या पैशांचा बाजार तर मुळात लहान. गेल्या पाच वर्षांच्या कमाईवरून पुढच्या वीस वर्षांचा ताळेबंद मांडणाऱ्या प्रस्तावावर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचलेल्या पैशांचं काय होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सहकारातल्या माणसाला सांगावंसं वाटतं. 1979 च्या उष्णता पुरवठा कायद्याने या केंद्रांना नफा काढून घेता येत नाही. लहान गावांत बहुतेक ठिकाणी ग्राहकच सभासद, त्यांचं संचालक मंडळ, त्यांची वार्षिक सभा. उरलेलं दर कमी करून परत द्यायचं. आमच्या सभेत दरवर्षी कोणी ना कोणी आजी-आजोबा उठून विचारतात की बॉयलर किती तास चालला, आणि मी उत्तर द्यायला उभी राहते.

तुमच्या गीझरचं म्हणाल तर त्याला यातली निवडच नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकच दर. आता वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर बसला असेल तर महावितरण सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या तासांत सवलत देतं. आंघोळ नऊनंतर चालत असेल तर गीझरही तेव्हाच लावा.

आणि पुन्हा लेकीकडे जाल तेव्हा त्या केंद्रात टाकीचे तापमापक दाखवायला सांगा. खालून वर ओळीने लावलेले असतात. कोणत्या आकड्यानंतर एकदम उडी आहे ते बघा, म्हणजे बॉयलर आज रात्री लागणार की नाही याचा अंदाज तुम्हालाही बांधता येईल.