स्नायू, पेशी आणि स्नायुपेशी

प्रश्न असा आहे: हिंदी पुस्तकात जी ‘मांसपेशी’, तिला मराठीत ‘स्नायू’ म्हणतात, मग मराठी पुस्तकातली ‘स्नायुपेशी’ कोणती? आणि ‘ऐच्छिक’ स्नायू व ‘पट्टकी’, म्हणजे पट्टे असलेला, स्नायू एकच का?

गोंधळाचं मूळ ‘पेशी’ या शब्दात आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९०० अशा वेगवेगळ्या मोजल्या आहेत. तिथली पेशी मांसाची, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. दोरांनी बांधलेल्या फळ्यांची नाव भार पेलते, तसं शरीर स्नायूंमुळे भार पेलतं, असा सुंदर दाखला तिथे दिला आहे. हिंदीने पेशी मांसासाठीच ठेवली. मराठीने ती ‘सेल’साठी घेतली आणि मांसाला स्नायू म्हटलं. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू!

तेव्हा मराठीपुरतं असं: दंडाची बेडकुळी फुगते तो स्नायू, त्यातली एकेक पेशी ती स्नायुपेशी. तिलाच स्नायुतंतू म्हणतात. कंडरेतला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतला, तंतू मात्र पेशी नव्हे, तो पेशीबाहेरच्या प्रथिनाचा धागा.

‘ऐच्छिक’ हा शब्द हुकूम कोणाचा चालतो ते सांगतो, ‘पट्टकी’ हा सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते. म्हणून ते समानार्थी नाहीत. हृदयाच्या स्नायूला पट्टे असतात, पण तो आपलं ऐकत नाही. अन्ननलिकेचा वरचा भागही पट्टकी, तरी घास तिथे पोचल्यावर त्याला थांबवता येत नाही.

पट्टे येतात ते मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतुक (सूक्ष्म धागे) पेशीत ओळीने रचलेले असतात म्हणून. या रचनेचं पुन्हापुन्हा येणारं एक एकक साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर लांब. आकुंचनात तंतुक आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे गडद पट्टा तेवढाच राहतो, फिकट पट्टा अरुंद होतो. जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या निमुळत्या पेशींत प्रथिनं हीच, पण रचना तिरकी, जाळीसारखी, म्हणून पट्टे नाहीत. हे आकुंचन संथ असतं, पण थोड्या ऊर्जेवर बराच वेळ टिकतं. अशा स्नायूला ‘मृदू’ म्हणतात ते मला पटत नाही. मूळ इंग्रजी ‘स्मूथ’चा अर्थ इथे गुळगुळीत असा आहे, नरम नव्हे. ‘अपट्टकी’ बरा.

हृदयाच्या पेशींना फांद्या असतात आणि त्या टोकाला टोक जोडलेल्या असतात, म्हणून उद्दीपन (आकुंचन सुरू करणारा विद्युत संदेश) एकीतून दुसरीत झपाट्याने जातं. एकदा उद्दीपित झालेली पेशी सुमारे पाव सेकंद दुसऱ्या उद्दीपनाला दाद देत नाही. त्यामुळे आकुंचनं एकावर एक साचत नाहीत, म्हणून पोटरीत गोळा येतो तसा हृदयात येत नाही.

‘आकुंचन’ शब्दही जपून वापरावा. भरलेली बादली स्थिर धरली तर दंडाचा स्नायू आखूड होत नाही, हळूहळू खाली ठेवताना तर तो लांबतो. शरीरक्रियाशास्त्रात तरीही ते आकुंचनच, कारण तिथे त्याचा अर्थ ताण निर्माण करणं इतकाच आहे.