ग्राइंडर लावण्याआधी रेडिएटरखाली टॉर्च मारा

साताऱ्याजवळ जीप बघितलीय, जाळीला नऊ खाचा आहेत, आरसीवर 'विलीज 1944' आहे (विलीज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जीप बनवणारी अमेरिकन कंपनी), चेसिसवर नंबरची पाटी मात्र नाही आणि विकणारा म्हणतोय, "काळजी नको, पाटी बनवून ठोकून देतो." तर ही युद्धातली ओरिजिनल विलीज समजायची का, असं तुम्ही विचारलंय. 'पाटी ठोकून देतो' वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. आठ वर्षांपूर्वी मी याच जागी उभा होतो. फक्त मला विचारायचं सुचलं नाही.

हाय बोनेट, लो बोनेट, म्हणजे इंजिनावरचं झाकण उंच की बसकं, हे तुम्हाला कळतं असं धरून चालतो. तुम्ही टाकलेल्या फोटोतली लो बोनेट आहे, म्हणजे उंच बोनेटची सीजे-थ्रीबी नाही, तो विषय संपला. पण लो बोनेट म्हणजे युद्धातलीच, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. 1945 ते 49 ची सीजे-टूए आणि 1949 ते 53 ची सीजे-थ्रीए, या विलीजच्या नागरी जीपा, दोन्ही लो बोनेटच. त्यांच्या जाळीला सात खाचा असतात, दिवे मोठे असतात, मागे उघडणारा फाळका असतो. टूएची पुढची काच दोन तुकड्यांची, थ्रीएची अखंड. युद्धातल्या गाडीला फाळका नसतो, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते आणि पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते. दिवे बिजागरीवर असतात, उलटे वळवले की उजेड इंजिनावर पडतो. तुमच्या फोटोत दिवा जरा मोठा वाटतोय, म्हणून नुसत्या जाळीवर जाऊ नका. जाळी बदलणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. आपल्याकडे सत्तर-पंचाहत्तर वर्षांत प्रत्येक जीपवर चार मिस्त्र्यांचे हात फिरलेत.

आता मुद्द्याचं. युद्धातली निघाली तरी ती विलीज असेलच असं नाही. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, दोघींचं डिझाइन एकच, इंजिनही तेच 134 घनइंचाचं आणि 60 अश्वशक्तीचं. सैन्याला सुटे भाग एकमेकांत चालायला हवे होते म्हणून मुद्दामच तसं केलं होतं. दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यात फोर्डच्या पावणेतीन लाखांहून जास्त. (जीपीडब्ल्यूचा अर्थ 'जनरल पर्पज' वगैरे सांगणारा भेटला तर वाद घालू नका, थकाल. जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे 80 इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं इंजिन.) 1944 च्या सुरुवातीपासून तर दोघांनाही बॉडी एकाच कारखान्यातून येत होती. म्हणून बॉडीवरून निकाल देणाऱ्या जाणकारांचं मी ऐकणं सोडून दिलंय. बघायची ती चेसिस.

पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली वाकून टॉर्च मारा. तिथली आडवी पट्टी गोल पाइपची असेल तर एमबी. उलट्या यू आकाराच्या चॅनेलची असेल तर जीपीडब्ल्यू. दोन मिनिटांचं काम आहे, फार तर शर्ट खराब होईल.

हे महत्त्वाचं का, तर दोघींचा नंबर वेगवेगळ्या ठिकाणी असतो. विलीजची छोटी पाटी चेसिसच्या डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागेच रिव्हेट केलेली. फोर्डने मात्र नंबर थेट लोखंडात मारलाय, चेसिसच्या डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या माउंटिंगच्या पुढे.

मला हे माहीत नव्हतं. आरसीवर विलीज लिहिलंय म्हणजे विलीज, असं धरून मी आतल्या अंगाला पाटी शोधली. सापडली नाही. नंबर गेलाय असं ठरवून मोकळा झालो. त्याच भरात मिस्त्रीला सांगितलं, वरचा गंज साफ कर आणि जिथे पातळ झालंय तिथे पट्टी मार. त्याने मनापासून काम केलं. ग्राइंडर फिरवला, वेल्डिंग केलं, लांबी (पुट्टी) भरली, रेड ऑक्साइड मारला. संध्याकाळी गेलो तर चेसिस नवरीसारखी चमकत होती आणि तिचा खरा नंबर जमिनीवर लोखंडाच्या भुशात पडला होता.

खरं म्हणजे आरसीनेच मला सांगितलं होतं. स्मार्ट कार्ड करताना कुणीतरी चेसिस नंबरच्या सुरुवातीला '6PW' टाइप केलं होतं. मी ते कार्यालयातलं काहीतरी म्हणून सोडून दिलं. तो सहा नव्हता, जी होता, म्हणजे GPW, फोर्डची जीपीडब्ल्यू.

पुढचे चौदा महिने एका कार्यालयात गेले. नाव घेत नाही, तिथली माणसं बदललीत. निरीक्षक म्हणाले, नंबर दिसत नाही, पासिंग नाही. मी म्हटलं, ही फोर्ड आहे, नंबर वर होता, घासला गेला. तर म्हणे, "जीप फोर्ड कुठे बनवते हो? कागदावर विलीज आहे." मग कंपनीचं पत्र आणा. विलीज कंपनी 1953 मध्येच कायझरने घेतली, पत्र कुणाचं आणू? एकदा तर माझी फाइल ट्रॅक्टरच्या गठ्ठ्यात सापडली. बाहेरचा एजंट रोज एकच सांगायचा, "साहेब, नंबर नव्याने पंच मारून टाका, दोन हजारात काम." मारला नाही, एवढंच एक शहाणपण केलं.

शेवटी तपासणी प्रयोगशाळेत झाली. नंबर मारताना खालचं पोलादही दबतं. वरचा आकडा घासून गेला तरी तो दबलेला भाग आम्लाला वेगळी दाद देतो आणि आकडा पुसट उमटतो. सहापैकी चार आकडे उमटले, ते आरसीशी जुळले आणि फाइल हलली. वेल्डिंगची पट्टी दोन बोटं पुढे असती तर तेही गेले असते.

म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे, मी वकील नाही: पाटी ठोकून घेऊ नका, मग विकणारा सख्खा मावसभाऊ का असेना. नंबर परत मारायचाच झाला तर परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीनेच. आधी चेसिसच्या वरच्या अंगावरचा रंग पेंट रिमूव्हर आणि पितळी ब्रशने काढा. ग्राइंडर नाही, सँडब्लास्टिंग नाही. इंजिन नंबरही उतरवून घ्या. फोर्डच्या कारखान्यातून निघताना इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असे, विलीजचे वेगवेगळे असत. अर्थात आपल्याकडे मूळ इंजिन टिकलेलं असणं म्हणजे लॉटरीच, तेव्हा नंबर जुळला नाही म्हणून लगेच पाठ फिरवू नका. बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा एफ दिसला म्हणूनही हुरळू नका, तसे बोल्ट आता नवेही मिळतात.

जाता जाता, 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो. पण ती गाडी रोज भाजी आणायला वापरता येत नाही आणि मूळ रूपात फार बदल केलेले चालत नाहीत. त्यामुळे डिझेल इंजिन टाकायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा.

फोटो पुन्हा टाकाल तेव्हा बंपरच्या मागून, जमिनीवर झोपून काढलेला टाका. समोरून झकास दिसणारा मला काही उपयोगाचा नाही.