सिटीचं नेमकं काय बिघडलंय?

तुमचा प्रश्न असा, की इंग्लंडची फुटबॉल प्रीमियर लीग सलग चार वेळा जिंकलेला मँचेस्टर सिटीसारखा संघ दोन महिन्यांत इतका कसा कोसळला. प्रशिक्षक पेप ग्वार्दियोलाचं गणित संपलं का, स्ट्रायकर हालंडचा फॉर्म गेला का, की खेळाडूंनीच मनातून सोडून दिलंय? काल, २६ डिसेंबर २०२४ ला, एव्हर्टनशी घरच्या मैदानावर १-१ झाल्यावर हा प्रश्न पडणारच. सगळ्या स्पर्धा धरून गेल्या १३ सामन्यांत एकच विजय (नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध) आणि नऊ पराभव. गेला संपूर्ण मोसम मिळून लीगमध्ये हा संघ फक्त तीनदा हरला होता, यंदा १८ सामन्यांतच सहा वेळा हरलाय.

बहुतेक लोक एका शब्दात उत्तर देतात: रोद्री, म्हणजे सिटीचा बचावात्मक मिडफिल्डर. ते खरं आहे, पण अर्धंच.

२२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध २१व्या मिनिटाला रोद्री गुडघा धरून बाहेर गेला आणि त्याचा मोसम जवळपास तिथेच संपला. तो नेमकं काय करतो हे गोल आणि असिस्टच्या तक्त्यात दिसत नाही. सिटी आक्रमण करते तेव्हा सात-आठ जण समोरच्याच्या गोलपुढच्या पेटीभोवती असतात आणि सेंटर-बॅक (मधले बचावपटू) जवळपास मध्यरेषेवर उभे असतात. म्हणजे मागे अर्धं मैदान मोकळं. एवढा धोका पत्करायचा तर चेंडू गेल्यानंतरचे पहिले चार-पाच सेकंद आपल्या हातात असावे लागतात. रोद्री ते सेकंद सांभाळायचा. आपल्या संघाकडे चेंडू असतानाच त्याची नजर समोरच्या मोकळ्या खेळाडूवर असायची. चेंडू सुटला की तो जिथे पडणार तिथे हा आधीच उभा. नाहीच जमलं तर मध्यरेषेजवळ छोटासा फाउल, की प्रतिहल्ला संपला. दुसरी गोष्ट वेगाची. कधी चेंडू फिरवत बसायचं आणि कधी एकदम पुढे सोडायचा, हा निर्णय त्याच्या पायात होता. म्हणून सिटीचे खेळाडू फार धावताना दिसायचे नाहीत, धावायची वेळच तो येऊ देत नव्हता.

आता माझं खरं म्हणणं. बाकीच्या संघाचं वय झालंय आणि रोद्री असेपर्यंत ते दिसत नव्हतं. मिडफिल्डर गुंदोगान ३४ वर्षांचा आहे, बचावपटू वॉकर ३४ चा, मिडफिल्डर डी ब्रुइने ३३ चा. गुंदोगान मला मनापासून आवडतो, त्याचा पास आजही सुरेख असतो. पण चेंडू गेल्यावर वळून तीस-चाळीस मीटर मागे पळायचं काम त्याला देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. टॉटनहॅमने सिटीच्या इतिहाद मैदानावर येऊन ४-० ने हरवलं त्या सामन्यातला शेवटचा गोल पुन्हा बघा. टॉटनहॅमचा वर्नर डावीकडून सुटला, वॉकर त्याच्या मागे, आणि अंतर वाढतच गेलं. हाच वॉकर दोन वर्षांपूर्वी कुणालाही गाठायचा. त्याच्या वेगाच्या भरवशावरच ती बचावफळी इतकी वर उभी राहू शकत होती. रोद्रीच्या जागी मिडफिल्डर कोवाचिच होता, पण नोव्हेंबरमध्ये तोही जखमी झाला.

मला राग येतो तो याचा, की हे क्लबला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या मोसमातले लीगमधले ते तीन पराभव, वुल्व्ज, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिला. तिन्ही वेळा रोद्री निलंबित होता. तिन्ही! याहून स्पष्ट इशारा कोणता हवा होता? तरी उन्हाळ्यात त्याच्या जागेसाठी कुणीच घेतलं नाही. उलट हूलियान अल्वारेझला अ‍ॅटलेटिकोला विकलं. गेल्या मोसमात लीगमध्ये ११ गोल करणारा, हालंडच्या मागे किंवा त्याच्या जागी कुठेही खेळणारा आणि न थकता दबाव टाकणारा खेळाडू गेला. आले दोघे, विंगर (कडेने हल्ला करणारा) साविन्यो आणि बार्सिलोनातून परतलेला गुंदोगान. पेपला छोटा संघ आवडतो, बाकावर नाराज माणसं नकोत हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण छोटा संघ तरुण असला तरच निभावतो. सिटीचाच कोल पामर चेल्सीत जाऊन काय करतोय ते आपण बघतोच आहोत. २१ डिसेंबरला व्हिलाकडून सिटीविरुद्ध गोल करणारा मॉर्गन रॉजर्सही सिटीनेच सोडलेला.

दुखापतींचं कारण मी नाकारत नाही. स्टोन्स, डियास, आके, अकांजी या बचावपटूंपैकी कुणी ना कुणी सतत बाहेर, इतकं की स्पोर्टिंगविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये १८ वर्षांच्या सिम्पसन-प्युसीला सेंटर-बॅक म्हणून उतरवावं लागलं आणि समोर होता स्ट्रायकर ग्योकेरेस. त्याने हॅट-ट्रिक केली, सिटी ४-१ ने हरली. पण इतके स्नायू एकदम का दुखावतात? रोद्री गेल्या मोसमात क्लब आणि देशासाठी मिळून साठाहून जास्त सामने खेळला. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मध्यंतरालाच बाहेर बसावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये परतल्यावर जेमतेम दुसऱ्याच सामन्यात तो कोसळला. त्याच्या पाचच दिवस आधी त्याने पत्रकारांना सांगितलं होतं, की सामने असेच वाढत राहिले तर खेळाडू संपावर जाण्याच्या जवळ आहेत. ते मला अजून टोचतं.

थकव्याचा पुरावा घड्याळात आहे. ब्रायटनविरुद्ध ७८व्या मिनिटापर्यंत आघाडी, सामना १-२. फायनूर्डविरुद्ध ७५व्या मिनिटाला ३-०, सामना ३-३. मँचेस्टर डर्बीत (युनायटेडविरुद्ध) ८८व्या मिनिटापर्यंत १-०, सामना १-२. ज्या संघाला डावपेच सुचत नाहीत तो पहिल्या तासातच उघडा पडतो. सिटी पहिला तास बरी खेळते, मग पाय जड होतात, पास एक क्षण उशिरा निघतो आणि एक चूक झाली की चेहरे पांढरे पडतात. डर्बीत मथेउस नुनेसचा तो बॅकपास आठवा. मूळचा मिडफिल्डर, त्या दिवशी लेफ्ट-बॅकला. त्याला शिव्या घालणाऱ्यांनी त्याला तिथे का खेळावं लागलं हेही विचारावं. ‘मनातून सोडून दिलंय’ हे मला म्हणूनच पटत नाही. घाबरलेला आणि दमलेला माणूस लांबून बेफिकीर दिसतो, इतकंच.

हालंडबद्दल थोडक्यात. पहिल्या पाच लीग सामन्यांत १० गोल, पुढच्या १३ सामन्यांत तीन. काल त्याची पेनल्टीही एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्डने अडवली. पण त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणारा डी ब्रुइने सप्टेंबरपासून बराच काळ बाहेर होता आणि फोडेन अजून गेल्या मोसमातला फोडेन वाटत नाही. हालंड स्वतः संधी तयार करणारा खेळाडू कधीच नव्हता. त्याला विकायची भाषा मला घाईची वाटते.

आणि पेप? त्याची चूक आहेच. एवढी वर चढलेली बचावफळी या पायांना झेपत नाही हे दिसत असताना त्याने ती खाली घ्यायला फार वेळ लावला. पण ज्याने नोव्हेंबरमध्ये, सलग पराभव चालू असताना, २०२७ पर्यंतचा करार केला तो पळून जाणारा नाही. क्लबवरच्या आर्थिक नियमभंगाच्या ११५ आरोपांच्या सुनावणीचा परिणाम खेळावर होतोय असंही काही जण म्हणतात. ते आरोप फेब्रुवारी २०२३ चे, आणि त्याच वर्षी याच संघाने तीन करंडक जिंकले. त्यामुळे ते कारण मी बाजूला ठेवतो.

जानेवारीच्या खेळाडू-खरेदीत काय हवं? माझ्या मते आधी बचावात्मक मिडफिल्डर आणि त्याच्याबरोबर एक वेगवान, तरुण सेंटर-बॅक. आणखी एक विंगर आणून हे भगदाड बुजणार नाही. परवा, २९ डिसेंबरला, लेस्टरविरुद्धचा सामना बघाल तेव्हा एक करून बघा. सिटीच्या हल्ल्यात चेंडूवरची नजर काढा आणि त्यांच्या सेंटर-बॅकच्या पुढ्यातल्या जागेवर ठेवा. चेंडू सुटल्यावर तिथे निळ्या शर्टात कोण पोहोचतं, आणि किती उशिरा, ते मोजा.