कोंबडीच्या एक दिवसाच्या 50 पिल्लांना रोज पाणी किती लागतं? पहिले दोन दिवस नाही दिलं तर चालतं का?

50 पिल्लांना पहिल्या आठवड्यात रोज एक ते दीड लिटर पाणी पुरतं, पण मोजून देऊ नका आणि दोन दिवस थांबू तर अजिबात नका. अंदाज असा काढतात: पिल्लू जेवढं खाद्य खातं, त्या खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पितं. पहिल्या दिवशी अर्थातच कमी. दोन दिवसांची गोष्ट अर्धीच खरी आहे. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरतं. म्हणूनच हॅचरीतून (अंडी उबवण्याच्या केंद्रातून) पिल्लं खोक्यात भरून लांब पाठवता येतात. पण तग धरणं वेगळं, वाढणं वेगळं. उशीर झाला की पिल्लं सुकतात, मलूल होतात आणि मग खाद्यालाही तोंड लावत नाहीत. त्यामुळे आल्या आल्या आधी पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा.

- पाणी गार नको, खोलीत ठेवून गारवा गेलेलं किंवा किंचित कोमट.
- दोन-चार पिल्लांची चोच हलकेच बुडवा, बाकीची बघून शिकतात.
- भांडं उथळ, त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे. नाहीतर बुडून मरतात, हे खरंच होतं.
- गूळपाणी पहिल्या दिवसापुरतं. जास्त झालं की पातळ हगतात.

वरचा आकडा साध्या हवेचा आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो सहज दुप्पट होतो.