कामाच्या ठिकाणी सहज निघणाऱ्या ‘अरे देवा’, ‘या अल्ला’ अशा उद्गारांवर बंदी असावी का?

नको. बंदी घातलीत तर पहिल्याच दिवशी ती मोडणारा बहुधा सूचना मांडणाराच असेल.

तुम्ही लिहिलंय की तीसेक जणांचं ऑफिस आहे, सगळ्या धर्मांची माणसं आहेत, दोन-तीन नास्तिक आहेत. आणि मीटिंगमध्ये एकाने सुचवलं की ‘अरे देवा’, ‘राम राम राम’, ‘या अल्ला’, ‘जीझस’ हे सगळं बंद करू या, म्हणजे कुणालाच परकं वाटायला नको. तुम्ही स्वतः देव मानत नाही आणि तुमचं मत अजून ठरत नाहीये. मीही मानत नाही. पण माझं काम असं आहे की देवाचं नाव दिवसभर कानावर पडतं. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे निम्मे पेशंट गुडघाबदलाच्या ऑपरेशननंतर आलेले असतात.

नवा गुडघा वाकवणं हा प्रकार पाहिला नसेल तर सांगते. पेशंट कॉटच्या कडेला पाय सोडून बसतो. माझा एक हात त्याच्या मांडीवर, दुसरा घोट्याच्या वर. पाय हळूहळू मागे दाबत न्यायचा आणि कोनमापकासारख्या पट्टीने अंश मोजायचे. सत्तरपर्यंत गप्पा चालतात, सुनेच्या तक्रारीसुद्धा. पंचाहत्तरला वाक्य अर्धवट राहतं. ऐंशीच्या आसपास नाव निघतं. पहिलं नाव जवळजवळ सगळ्यांचं एकच, ‘आई गं’. त्याला धर्म नाही. पुढे मग फाटे फुटतात: पांडुरंगा, या अल्ला, देवा रे, स्वामी समर्था. माझ्या दृष्टीने हे सगळं ठीक आहे. तोंडाने नाव चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे, स्नायू अजून ऐकतोय. भीती वाटते ती गप्प होणाऱ्याची. दात आवळून, डोळे मिटून माणूस शांत झाला की मी हात सैल करते.

मागे एक निवृत्त मास्तर येत होते. आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध भाषणं दिलेली, घरात देव्हारा नाही. पंच्याऐंशी अंशांना खणखणीत आवाजात म्हणाले, “देवा रे, सोडा की!” मी सोडलं. दोघांनाही हसू आवरेना. “हे कुठे सांगू नका,” म्हणाले. नाव सांगत नाहीये, मास्तर.

मास्तरांच्या तोंडून जे निघालं ती श्रद्धा नव्हती, ते मराठी होतं. आपली भाषाच अशी आहे. ‘रिपोर्ट कधी येणार?’ ‘देव जाणे.’ यात देवाचा संबंध किती? एखाद्या गोष्टीत राम उरत नाही, कामाचा श्रीगणेशा होतो, कारभार रामभरोसे चालतो, नोकरीला रामराम ठोकला जातो. लोकलला तोबा गर्दी असते, आणि हा ‘तोबा’ म्हणजे अरबीतला पश्चात्ताप, अल्लाकडे मागितलेली क्षमा. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर तो शब्द वापरताना कुणाचा धर्म बुडत नाही. पोर्तुगीज भाषेत ‘होवो बापडं’ अशा अर्थाने ‘ओशाला’ म्हणतात. त्याचं मूळ ‘अल्लाने इच्छिलं तर’ या अरबी बोलण्यात आहे, आणि पक्का कॅथलिकसुद्धा तो शब्द बिनधास्त वापरतो. तेव्हा बंदीची यादी करायला बसलात तर थांबायचं कुठे, हे आधी ठरवा. शिवाय देव काढून घेतला की रिकाम्या जागी काय येईल? ‘च्यायला’. देवाला वाचवताना आईला मध्ये आणाल.

नास्तिकांना या उद्गारांनी अडचण होते, असं मला तरी कधी दिसलं नाही. अडचण झालीच तर ती श्रद्धाळू माणसाला होते, आणि तीही सगळ्या धर्मांत सारखी नाही.

आपल्याकडे नाव कसंही घ्या, चालतं. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची गोष्ट आहे. जन्मभर पापं केली आणि मरताना मुलाला हाक मारली, ‘नारायणा!’ मुलाचं नाव नारायण होतं, एवढंच. तरी सुटला. तिथेच पुढे म्हटलंय की थट्टेने, गाण्यात भर म्हणून किंवा हेटाळणीने घेतलेलं नावही पाप जाळतं. एवढी सवलत मिळाल्यावर ‘राम राम राम, काय हा पसारा!’ म्हटल्याने कुणाचं काय बिघडणार? कुराणातही दुसऱ्या सुरेत असं आहे की नकळत तोंडून गेलेल्या शपथांसाठी अल्ला तुम्हाला धरणार नाही, मनात जे ठरवून केलंत त्यासाठी धरेल.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत मात्र देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही थेट दहा आज्ञांपैकी एक आहे. इंग्लंडात १६०६ साली कायदाच झाला होता. नाटकात थट्टेने किंवा अनादराने देवाचं वा ख्रिस्ताचं नाव घेतलं तर दर वेळी दहा पौंड दंड. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. इंग्रजीत ‘गॉड’ऐवजी ‘गॉश’ म्हणतात, ‘जीझस’चं टोक छाटून ‘जीझ’ म्हणतात, तेही नाव न घेता घेण्यासाठीच.

हे मला पुस्तकातून नाही, क्लिनिकमध्ये कळलं. आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी ऊठसूट ‘ओ जीझस’ म्हणायची. पट्टी खाली पडली, जीझस. लाइट गेले, जीझस. घरचं सगळं सोवळं-ओवळं, हे आलेलं मालिका बघून. तेव्हा कॉटवर वसईच्या एक ख्रिस्ती मावशी होत्या, लेकीकडे राहायला आलेल्या. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी अगदी मायेने विचारलं, “बाळा, सारखी त्याला हाक मारतेस, काही काम आहे का त्याच्याकडे?” पोरगी लालबुंद झाली. दुसऱ्या दिवसापासून ‘अरे देवा’वर आली. मावशींची त्याला काही हरकत नव्हती. गुडघा वाकवताना त्याही ‘देवा’च म्हणायच्या.

म्हणून तुमच्या ऑफिसात जीभ सांभाळायला सांगायचंच असेल तर एवढंच सांगा, की दुसऱ्याचा देव ऐट म्हणून तोंडात घोळवू नका. स्वतःचा, घरातला, सवयीचा असेल तर खुशाल.

आता तुमच्या प्रश्नात न आलेली गोष्ट. उद्गार आणि अभिवादन यांत फरक आहे, आणि सूचना मांडणाऱ्याने बहुधा दोन्ही एकाच पोत्यात भरलीत. ‘अरे देवा’ समोरच्याकडे काहीच मागत नाही. कुणी ऐकलं नाही तरी चालतं. अभिवादन उत्तर मागतं. जय श्रीराम, जय भीम, अस्सलाम वालेकुम, जय ख्रिस्त, यांतलं काहीही कुणी मला म्हटलं तर मी बहुतेक वेळा तेच परत म्हणते, कधी नुसतं ‘नमस्कार’. गाडी पुढे जाते. पण पूर्वी मी ज्या हॉस्पिटलात होते तिथे एक वरिष्ठ होते. सकाळी दारात उभं राहून देवाचं नाव घेऊन अभिवादन करायचे आणि तेच शब्द परत येईपर्यंत हलायचे नाहीत. एकदा म्हणत, दुसऱ्यांदा म्हणत, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. नवा वॉर्डबॉय वेगळ्या धर्माचा होता. चौथ्या दिवसापासून तो मागच्या जिन्याने यायला लागला. देव कुठला ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये सगळे देवावरच भांडतील. मी तेव्हा काही बोलले नाही, हे अजून खुपतं.

याच मुद्द्यावर आपल्या संविधान सभेत मतदान झालंय. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी सुचवलं की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. ४१ मतं बाजूने, ६८ विरोधात. सूचना पडली. विरोध करणारे सगळे काही निरीश्वरवादी नव्हते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं होतं की जी बाब ज्याच्या-त्याच्या अंतःकरणाची आहे, तिच्यात सगळ्यांचं मिळून एक मत कुणावर लादू नये. त्याच संविधानात मंत्र्याने शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हणायचं की देवाशिवाय गांभीर्याने सांगायचं, हे त्याच्यावर सोडलंय. म्हणायची मोकळीक आहे, म्हणायला लावायची नाही.

कायद्याची भीती कुणी घालत असेल तर तेही सांगते. धार्मिक भावना दुखावणारं बोलण्याचं कलम पूर्वी दंड संहितेत २९८ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०२ आहे. (हो, तेच तीनशे दोन, जे ऐकून आपल्याला खून आठवतो. तो आता १०३ मध्ये गेला.) पण त्यातही दुखावण्याचा जाणूनबुजून हेतू लागतो. प्रिंटरमध्ये कागद अडकल्यावर निघालेल्या ‘अरे देवा’त तो कुठून आणणार?

तेव्हा पुढच्या मीटिंगआधी सूचना मांडणाऱ्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा की नक्की कधी, कुणाच्या बोलण्याने त्रास झाला. माझा अंदाज, ‘अरे देवा’चं नाव त्यात निघणारच नाही. निघेल एखादा रोज दारात उभा राहणारा. त्याच्याशी बोलायला नियम लागत नाही, त्याच्याहून वरच्या कुणीतरी दोन मिनिटं काढायला हवीत.